करारावरच्या डेंटिस्टचं मानधन: तुलना नेमकी कोणाशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीडीएस करून तुम्ही पुण्यातल्या एका सार्वजनिक दवाखान्यात करारावर काम करताय. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग काही दिवसांचा खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. शेजारच्या खोलीतल्या एमबीबीएस डॉक्टरला तुमच्या जवळजवळ दुप्पट मानधन. ओपीडी रोज चाळीस-पन्नासची, हाताखाली कोणी नाही, आणि तक्रार केली की वरिष्ठ म्हणतात, "दातांना कसली आलीय इमर्जन्सी?" हे न्याय्य आहे का, यावर काही करता येतं का, आणि नसेल तर सोडून द्यावं का?

न्याय्य नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तुम्ही ज्या तुलनेवर चिडला आहात, ती एमबीबीएसशी असलेली तुलना कागदावर सगळ्यात लंगडी आहे. माझी सगळी नोकरी पुणे जिल्ह्यात सरकारी दंतशल्यचिकित्सक म्हणून गेली. दर नव्या तुकडीतली पोरं याच एका वाक्यापासून भांडण सुरू करतात, "आम्हीही डॉक्टरच ना?" आणि समोरचा लेखाधिकारी पहिल्याच मिनिटात फाइल मिटतो. तुमचं भांडण एमबीबीएसशी नाही. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या, पण कायम पदावर बसलेल्या डेंटिस्टशी तुमची तुलना व्हायला हवी. तिथे तुमची बाजू पक्की आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारात पगार पदाला असतो, डिग्रीला नाही. एकाच पुणे शहरात, एकाच बीडीएसवर, दाढ काढण्याचे किती वेगवेगळे भाव आहेत पाहा. केंद्राच्या नियमित सेवेत डेंटल सर्जन सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० वर, म्हणजे मूळ वेतन ५६,१०० वर रुजू होतो. खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून त्यावर २० टक्के एनपीए, म्हणजे ११,२२०. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्के झाला. तो या दोन्ही रकमांवर मिळतो, तेव्हा ३३,६६०. घरभाडे भत्ता फक्त मूळ वेतनावर. पुणे एक्स वर्गातलं शहर असल्यामुळे ३० टक्के, म्हणजे १६,८३०. बेरीज १,१७,८१० आणि वाहतूक भत्ता वेगळा. हा झाला पहिल्या वर्षाचा, कालच पास झालेल्या माणसाचा पगार.

त्याच शहरात माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये करारावर डेंटल ऑफिसर घेतात. तिथल्या मागच्या काही वर्षांच्या जाहिराती काढून बघा, मानधन महिना ७५,००० एकरकमी असायचं. आणि गंमत म्हणजे त्याच जाहिरातीत एमबीबीएस मेडिकल ऑफिसरलाही तेवढेच ७५,०००. म्हणजे दोघांना सारखं द्यायचं ठरवलं तर देता येतं, आभाळ कोसळत नाही. सैन्यात तर आर्मी डेंटल कोअरचा अधिकारी कॅप्टन म्हणून भरती होतो आणि त्याला मेडिकल कोअरच्या कॅप्टनसारखाच हुद्दा, तेवढाच मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो. वानवडीला एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात चक्कर मारा, तिथला डेंटिस्ट स्वतःला 'छोटा डॉक्टर' समजताना दिसणार नाही.

आता राष्ट्रीय आरोग्य अभियान. मी पाहिलेल्या जिल्ह्यांच्या जाहिरातींत डेंटल सर्जनला तीस हजारांच्या आसपास आणि एमबीबीएसला साठ हजारांच्या आसपास, असाच प्रकार होता. महापालिका, कॅन्टोन्मेंट बोर्ड, ईएसआय (कामगार विमा) यांचे आकडे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि दर जाहिरातीला बदलणारे.

हा फरक कुठून आला हे समजून घेतलं नाही तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो. अभियानातलं मानधन जिल्हा शल्यचिकित्सक ठरवत नाहीत, त्यांच्या हातात ते नसतंच. राज्य पीआयपी म्हणजे अंमलबजावणीचा आराखडा दिल्लीला पाठवतं, त्यात प्रत्येक पदाची रक्कम लिहिलेली असते, ती तिकडून मंजूर होऊन येते, आणि पैसा केंद्राचा ६० व राज्याचा ४० टक्के. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये आला तेव्हापासून डेंटल सर्जन, हायजिनिस्ट, असिस्टंट, खुर्ची आणि साहित्य यांचा खर्च याच मार्गाने येतो. तेव्हा औंधच्या जिल्हा रुग्णालयात सिव्हिल सर्जनच्या केबिनबाहेर घोषणा देऊन तुमचा आकडा बदलणार नाही. मुंबईत आरोग्य भवनात बसून आराखडा लिहिणाऱ्या माणसापर्यंत तो विषय पीआयपीचं काम सुरू होण्याआधी पोचला पाहिजे.

महापालिकेचं गणित निराळं. तिथे कायम पद निर्माण करायचं तर आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, ते बसवावं लागतं, आणि त्याला राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी लागते. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, हा दंडक प्रत्येक टिप्पणीत वाचायला मिळतो. मग प्रशासन सोपा मार्ग काढतं. पद निर्माण करायचंच नाही, मानधनावर माणूस घ्यायचा. मानधनाचा खर्च बऱ्याचदा वेगळ्या शीर्षाखाली टाकता येतो. खुर्चीवर तुम्ही रोज बसता, पण कागदावर तिथे कोणीच बसलेलं नसतं.

त्यात आपल्या धंद्याची स्वतःची दुखणी. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत. एकट्या पुणे-पिंपरी परिसरात खासगी कॉलेजं कितीतरी, सरकारी एकही नाही. लाखोंची फी भरून बाहेर पडलेला मुलगा पहिल्या वर्षी खासगी क्लिनिकमध्ये पंधरा-वीस हजारांवर राबतो, हे सरकारी बाबूलाही ठाऊक आहे. "तुम्ही नाही आलात तर रांगेत पन्नास उभे आहेत" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ते खरंही आहे. एमबीबीएसच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही, कारण भोर-वेल्ह्याच्या केंद्रात जायला एमबीबीएस मिळत नाही म्हणून त्याचं मानधन चढतं. हा बाजाराचा भाग झाला, आणि कोर्ट बाजारात फारसं लक्ष घालत नाही.

कायद्याकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सांगितलं की तात्पुरता कर्मचारी जर कायम कर्मचाऱ्यासारखंच काम करत असेल, तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. 'त्या पदाच्या' या शब्दांवर बोट ठेवा. वेतनवाढी यात नाहीत, कायम करणं यात नाही, पण श्रेणीचा तळाचा आकडा आहे. शिवाय काम सारखं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे.

आता उलट बाजू. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या आयुर्वेद डॉक्टरांचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. त्यांनी एमबीबीएसएवढं वेतन मागितलं होतं. न्यायालयाने नाही म्हटलं. कारण दिलं ते असं की तातडीचे रुग्ण, अपघात, शवविच्छेदन ही कामं एमबीबीएस करतात, ती आयुर्वेदाचे डॉक्टर करत नाहीत, म्हणून काम सारखं नाही. तुमचा वकील जर 'आम्ही एमबीबीएससारखेच' म्हणून उभा राहिला, तर सरकारी वकील हाच निकाल काढून पुढे ठेवील. तुम्ही शवविच्छेदन करता का? रात्रपाळी करता का? मेडिकोलीगलचे, म्हणजे पोलिस केसचे, किती पेपर लिहिता? तिथेच संपलं. याउलट, "आमच्याच संस्थेतला कायम दंतशल्यचिकित्सक आणि मी यांच्या कामात एक फरक दाखवा" असं विचारलं, तर दाखवायला फरक सापडत नाही. दाढ तीच, भूल तीच, खुर्ची तर बऱ्याचदा एकच, सकाळी तो आणि दुपारी तुम्ही.

तुमच्या दवाखान्यात कायम डेंटिस्ट नसेलच तर? मग त्या संस्थेचे सेवाप्रवेश नियम आणि मंजूर पदांची यादी काढा. पद मंजूर असून रिकामं असेल आणि तुम्ही त्याच जागी काम करत असाल, तर वेतनश्रेणी लिहिलेली सापडेल. राज्य सेवेतलं हे पद लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत गट-ब म्हणून आलेलं आहे, वैद्यकीय अधिकारी गट-अ मध्ये. हाही एक जुना अन्याय आहे आणि त्यावर संघटनेनं भांडावं, पण तो तुमच्या आजच्या अर्जात घुसडू नका. तुम्ही गट-ब चा तळाचा आकडा मागितला तरी आजच्या मानधनापेक्षा तो बराच वर असेल.

कायम करण्याची मागणी ही वेगळी लढाई, आणि दोन्ही एकत्र केल्या की दोन्ही रखडतात. उमादेवी खटल्यात २००६ मध्ये न्यायालयाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करायला मनाई केली. पण अलीकडे, डिसेंबर २०२४ मधल्या जग्गो खटल्यात, त्याच न्यायालयाने सरकारी संस्थांना सुनावलं की उमादेवीचा आधार घेऊन वर्षानुवर्षं माणसांना तात्पुरतं ठेवता येणार नाही. फरक कुठे पडतो? तुमची निवड कशी झाली त्यावर. जाहिरात आली होती का, मुलाखत झाली का, गुणवत्ता यादी लागली का, आरक्षणाची बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हा क्रम, पाळला का. तुमच्या पहिल्या मुलाखतीची जाहिरात, वर्तमानपत्राचं कात्रण असो की संकेतस्थळाची प्रत, आजच शोधून ठेवा. संकेतस्थळावरची जुनी जाहिरात कधी गायब होईल सांगता येत नाही. अभियानातल्या कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या शेवटी समायोजनासाठी, म्हणजे कायम सेवेत सामावून घ्यावं म्हणून, राज्यभर संप केला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा केला. त्या गर्दीत डेंटिस्ट मूठभर होते. मूठभरांनी मोठ्या मोर्चात जावं हे ठीकच, पण मोर्चाच्या निवेदनात आपलं पद नावानिशी आलंय की नाही, हे बघूनच सही करावी. 'इत्यादी' मध्ये गेलेल्या पदाला 'इत्यादी' एवढंच मिळतं.

तुमच्या कराराबद्दल. प्रत पाठवली असतीत तर नेमकं सांगता आलं असतं, पण सगळ्या ऑर्डरी साधारण एका साच्यातल्या असतात. 'मानधन' लिहिलंय आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातोय का? तसं असेल तर हिशेबाच्या वहीत तुम्ही कर्मचारी नाही, व्यावसायिक सल्लागार आहात. कराच्या दृष्टीने याचा थोडा फायदाही आहे, विवरणपत्र भरून परतावा मिळतो. पण उद्या 'मी इथला कर्मचारी' म्हणताना हाच कागद आडवा येतो. म्हणून बायोमेट्रिक हजेरी, ड्यूटीचं वेळापत्रक, रजेचे अर्ज, कारणे दाखवा नोटिस सुद्धा, सगळ्याच्या प्रती घरी ठेवा. सल्लागाराला कोणी आठ वाजताची हजेरी लावत नाही आणि रजेसाठी अर्ज करायला लावत नाही. तुमच्यावर हुकूम चालतो, हे दाखवणारा प्रत्येक कागद तुमच्या कामाचा आहे.

तुमच्याबरोबरच्या मुलींना हे जरूर सांगा: करार संपतोय म्हणून प्रसूती रजा नाकारता येत नाही. बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांचा हक्क लागू होतो. १७ ऑगस्ट २०२३ च्या कविता यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने करारावरच्या डॉक्टरच्याच बाबतीत सांगितलं की कराराची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचे लाभ पूर्ण द्यावे लागतील. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांनी सातव्या महिन्यात 'नको ती कटकट' म्हणून राजीनामा दिला. राजीनामा दिलात की हक्क संपला. अर्ज द्या, पोच घ्या, नकार आला तर तो लेखी मागा.

कायम झालेल्यांचंही सगळं आलबेल आहे असं समजू नका. राज्यात दंतशल्यचिकित्सकाचं पद म्हणजे बहुतेक 'एकाकी पद'. वर चढायला पायरीच नाही. ज्या पदावर रुजू, त्याच पदावर निवृत्त. आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वेतनस्तर वाढतो, पण पाटी तीच राहते. केंद्रात डीएसीपी ही ठरावीक वर्षांनी बढती देणारी योजना लागू आहे, २००८ पासून वैद्यकीय आणि दंत दोघांनाही. ४, ९, १३ आणि २० वर्षांच्या सेवेवर, जागा रिकामी असो नसो, बढती मिळते. राज्यातल्या कायम डेंटिस्टांनी मागायची खरी गोष्ट ही आहे.

आता कामाच्या परिस्थितीकडे येतो. पगाराइतकाच, किंबहुना जास्त जोर इथे द्या, कारण इथे वरिष्ठ स्वतःच्या अधिकारात बरंच करू शकतात आणि 'निधी नाही' हे उत्तर दरवेळी चालत नाही.

तुमची ओपीडी चाळीसची. समजा त्यातल्या पंधरा जणांना एअरोटर, म्हणजे दात कोरायचा हँडपीस, लावावा लागतो, कोणाची कीड काढायची, कोणाची रूट कॅनॉलची दाढ उघडायची. दवाखान्यात हँडपीस दोन. प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस पाण्याने फ्लश करायचा, तेल सोडायचं, पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, लावायचा. १२१ अंशाला पंधरा-वीस मिनिटं धरायचं, पण गरम होणं, वाफ सोडणं, वाळणं, निवणं धरून तास सहज जातो. चार तासांच्या ओपीडीत एक हँडपीस फार तर चार तोंडांत जाईल. दोन मिळून आठ. मग उरलेल्या सात जणांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही: स्पिरिटचा बोळा. हिपॅटायटिस बी बोळ्याला घाबरत नाही. हे गणित असंच्या असं, रुग्णसंख्या, हँडपीसची संख्या आणि ऑटोक्लेव्हच्या वेळेसकट एका पानावर लिहा आणि अधीक्षकांना द्या. 'साहित्य अपुरं आहे' असं लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही. 'रोज सात रुग्णांना निर्जंतुक न केलेलं उपकरण वापरावं लागेल, अन्यथा त्यांना पुढची तारीख द्यावी लागेल. कृपया कोणतं करावं ते लेखी कळवावं' असा अर्ज वाचल्यावर कोणताही अधीक्षक खुर्चीत सरळ बसतो. पहिलं करा असं कोणी लेखी देणार नाही. दुसरं करा म्हटलं की तुमची ओपीडी आपोआप आवाक्यात येते. आणि चार हँडपीसची खरेदी रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होऊ शकते, त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

असिस्टंटचंही तसंच. मौखिक आरोग्य कार्यक्रमात असिस्टंटचं पद धरलेलं आहे, ते कुठे गेलं हे विचारा. बहुतेक वेळा तो माणूस नोंदणीच्या खिडकीवर बसवलेला सापडतो. मावशी मदतीला येतात, भल्या असतात, पण सक्शन धरायला शिकवलेलं नसतं. एकट्याने काम करणारा डेंटिस्ट एका हाताने आरसा धरतो, दुसऱ्याने हँडपीस, मान वाकडी करून लाळ चुकवतो, आणि चाळिशीच्या आत त्याची मान-कंबर कायमची धरते. माझ्या तुकडीतल्या बहुतेकांची मान ही पेन्शनच्या आधी निवृत्त झाली.

सर्वात मोठा घोळ आकड्यांचा. मेडिसिनच्या ओपीडीत तीन मिनिटांत एक रुग्ण निघतो. दाढेच्या रूट कॅनॉलला पाऊण तास एका बैठकीला, अशा दोन-तीन बैठका. मासिक अहवालात मात्र दोघांचा रकाना एकच, 'तपासलेले रुग्ण'. म्हणून ज्याला अहवाल चांगला दिसायला हवा तो डेंटिस्ट वाचवता येणारी दाढ उपटतो, कारण उपटायला दहा मिनिटं लागतात. सरकारी दातांचा दवाखाना म्हणजे उपटण्याचा दवाखाना, ही लोकांची समजूत तिथूनच आली. आणि मग तेच लोक कोथरूडच्या खासगी क्लिनिकमध्ये त्याच दाढेला हजारो रुपये मोजतात, ज्यांना परवडत नाही ते उपटून घेतात.

तुमचं स्वतःचं रजिस्टर ठेवा, दवाखान्याचं असेल त्याशिवाय. तपासले किती, प्रक्रिया कोणती केली, किती वेळ लागला, पुढची तारीख दिली ती किती दिवसांनी, आणि प्रक्रिया होऊ शकली नाही तर कारण: भूल संपली, कॉम्प्रेसर बंद, पाणी नाही, असिस्टंट नाही. रुग्णाची नावं त्यात लिहू नका, फक्त ओपीडी क्रमांक. तोंडाच्या कर्करोगाची तपासणी वेगळ्या रकान्यात घ्या. मुळशी-भोरकडून येणाऱ्या बायका मिश्री लावतात, गालाच्या आत पांढरा चट्टा असतो, दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. दाढ दुखते म्हणून आलेल्या बाईचा गाल तुम्ही बाजूला ओढता तेव्हा तो दिसतो. गुटखा खाणाऱ्या पोराचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, ते तुम्हीच पहिल्यांदा मोजता. कागदावर या कामाचं वजन रूट कॅनॉलपेक्षा जास्त आहे, कारण असंसर्गजन्य आजारांच्या अहवालात तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचा आकडा वर पाठवावाच लागतो. तो आकडा भरण्यासाठी त्यांना तुमची गरज आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. "इमर्जन्सी कुठे असते" याचं उत्तरही त्याच रजिस्टरमधून द्या: जबड्याखाली पसरलेली सूज, श्वास अडायला लागलेला रुग्ण, किती आणि ससूनला किती पाठवले.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १, ६ महिने) झाले का, आणि नंतर रक्तातलं टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण, १० च्या वर आहे का ते पाहा. सुई टोचली तर दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण टाळणारी औषधं, सुरू व्हायला हवी, ती २८ दिवस घ्यायची. ससूनला एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्र आहे. घटनेची लेखी नोंदही त्याच दिवशी करा, पण त्यासाठी औषध थांबवू नका. मागाहून केलेल्या नोंदीवर प्रश्न येतात. एक्स-रे मशीन एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) नोंदलेलं आहे का हे विचारायला लाजू नका. आणि कचरा: काढलेली दाढ पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, पण चांदी भरलेली दाढ जाळायला पाठवायची नाही, त्यात पारा असतो.

मार्ग कोणते? आधी माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. विचारा एवढंच: आकृतिबंधात दंतशल्यचिकित्सकाची मंजूर पदं किती, भरलेली किती, वेतनस्तर कोणता, गेल्या पाच वर्षांत करारावर किती नेमले आणि प्रत्येक ऑर्डरीत खंड किती दिवसांचा. 'का' विचारू नका. 'का' चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही आणि त्या एका शब्दावर सगळा अर्ज परत येतो. अर्ज स्वतःच्या नावाने करायची भीती वाटत असेल तर घरच्या कोणाच्याही नावाने करा, त्यात गैर काही नाही.

मग निवेदन. दोघं-चौघं मिळून, एकाच्या नावावर नको. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे न्यायालयात जायची वेळ आली, तर कोणतं दार हे तुमचा मालक कोण त्यावर ठरतं. राज्य शासनाचे कर्मचारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जातात, पुण्याचं काम मुंबईच्या पीठाकडे. निवेदन दिल्यावर सहा महिने वाट पाहायची, त्यानंतर एका वर्षाची मुदत. महापालिका किंवा अभियानाच्या सोसायटीविरुद्ध मात्र साधारणपणे उच्च न्यायालयात रिट. वेतनाचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो म्हणून उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही, पण थकबाकी मिळताना मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळण्याची शक्यता जास्त, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून ठरून गेलंय. औद्योगिक न्यायालयात जा म्हणून कोणी सल्ला दिला तर आधी विचारा, डॉक्टर 'कामगार' या व्याख्येत बसतो का. सहसा बसवत नाहीत.

इंडियन डेंटल असोसिएशनची पुण्यात शाखा आहे, तिचा पाठिंब्याचा ठराव घ्या, पण ती व्यावसायिकांची संस्था आहे, कामगार संघटना नाही. तिच्यातले बरेच सभासद क्लिनिकचे मालक असतात आणि नव्या बीडीएसला पंधरा हजारांवर ठेवणारेही त्यांच्यातच असतात. अपेक्षा त्या हिशेबाने ठेवा.

शेवटचं, सोडावं का. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर एका मित्राच्या क्लिनिकमध्ये बसता. ऑर्डरीत 'पूर्णवेळ, खासगी व्यवसायास मनाई' असं लिहिलेलं असेल तर ते बंद करा किंवा लेखी परवानगी घ्या. मोठी मागणी करणाऱ्या माणसाची अशी एखादी बारीक चूकच आधी शोधली जाते. मनाई नसेल तर बसा, आणि ते उत्पन्न धरूनच या नोकरीकडे बघा. लोकसेवा आयोगाची जाहिरात वर्षानुवर्षं येत नाही, आली की वयोमर्यादा आडवी येते. म्हणून ईसीएचएस, ईएसआय, रेल्वे, सैन्याचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, सगळीकडे आतापासून अर्ज करत राहा. दुसरीकडे निवड झाली तर जा, बिनदिक्कत जा. आताच्या जागेचा अनुभव दाखला मात्र प्रत्येक खंडाच्या तारखांसकट, जाण्याआधीच सहीशिक्क्याने घ्या, कारण तुम्ही गेल्यावर आस्थापना विभाग तुमची फाइल शोधणार नाही.